म्हाळूचं भ्या

म्हाळू भित्रा होता. हे आडवळणानं सांगण्यात काही अर्थ नाही, कारण अख्ख्या वस्तीला ते ठाऊक होतं आणि म्हाळूनंही ते कधी लपवून ठेवलं नव्हतं. मेंढरं होती तोवर तो लांडग्याला भ्यायचा, विजेला भ्यायचा, उसाच्या फडातनं एकटं जायला भ्यायचा. वडगाव रासाईला भीमेच्या कडेला मेंढरं बसवलेली असली आणि पाणी बोटभर चढलं, तरी हा घोंगडी आवरून निघायच्या तयारीत. बाकीचे धनगर पोट धरधरून हसायचे. हसणाऱ्यांचं एखादं कोकरू अधूनमधून लांडगा उचलायचा, म्हाळूचं सहसा जात नसे. पण हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. माणसाला एकदा भित्रा ठरवलं की लोकांना पुढचं काही बघायची गरज वाटत नाही.

त्याची बायको धुरपदा नेमकी उलट. विंचू चपलेनं चिरडायचा आणि तीच चप्पल पायात सरकवून पाण्याला जायचं, अशातली. देवानं एका घरात वाटणी करताना सगळं भ्या एकाच्या पदरात ओतलं, असं ती चारचौघींत सांगायची आणि वर नवऱ्याकडे बघून हसायची. म्हाळूही हसायचा. त्याला राग यायचा नाही. धुरपदा भीत नाही म्हणून तिच्या वाटचंही आपल्यालाच भ्यावं लागतं, असं त्याला मनापासून वाटायचं.

चरायची रानं उसाखाली गेली तशी मेंढरं विकली आणि दोघं शिरूरला आली. घोडनदीच्या अंगाला एक नवी वस्ती उठत होती, तिथं पत्र्याच्या दोन खोल्या. मुलगी स्वप्नाली तिकडं दौंडकडे नांदत होती. जुन्या संसारातलं बरोबर आलं ते एवढंच : एक घोंगडी, बाभळीच्या शेंगा पाडायची लांब आकडी आणि मुंगळ्या नावाचं कुत्रं. काळंभोर आणि कमरेत बारीक, म्हणून मुंगळ्या. लांडग्यावर धावून जाणारं हे कुत्रं फटाक्याचा आवाज झाला की मात्र शेपूट पोटाखाली घालून म्हाळूच्या पायात शिरायचं. धुरपदा म्हणायची, "वळण कुणाचं हाय ते दिसतंयच की."

दोन हजार चारच्या सुमाराला त्या वस्तीत कचऱ्याची भट्टी आली. तोवर वस्तीचा कचरा ओढ्याच्या तोंडाशी पडायचा आणि आठवड्याला कुणीतरी तो पेटवायचा. मग त्या धुरानं पोरं खोकायची आणि बाया डोळे पुसत भाकरी थापायच्या. एका संस्थेनं ओढ्याच्या पलीकडे पत्र्याची शेड मारली आणि आत माणसापेक्षा उंच असं लोखंडी पिंप उभं केलं. घराघरातला सुका कचरा, म्हणजे कागद, पुठ्ठे, करवंट्या, शेंगांची टरफलं, उसाचं चिपाड, सगळं निवडून, वाळवून, दाबून त्याचे ठोकळे करायचे आणि वरनं त्या पिंपात सोडायचे. आत त्याला पोटभर हवा द्यायची नाही. मग ते धड जळत नाही, नुसतं धुमसतं, आणि त्यातनं गॅस निघतो. तो पाण्यातनं, भुशातनं गाळून इंजिनाला द्यायचा. इंजिनावर वस्तीचा पाण्याचा पंप आणि खांबांवरचे दिवे. तेव्हा भारनियमनानं लोकांचा जीव मेटाकुटीला आला होता. शिरूर अंधारात आणि आपली वस्ती उजेडात, ह्याची वस्तीला भलतीच ऐट होती.

भट्टी चालवायला सम्राट यायचा. भांडगावचा, आयटीआय झालेला, बोलायला मऊ आणि कामात कडक पोरगा. त्याला वस्तीतला एक माणूस हाताखाली हवा होता. तो भट्टी दाखवत होता तेव्हा दहाजण पुढे सरसावले होते. आम्ही साखर कारखान्याचा बॉयलर बघितलाय, आम्ही ट्रकचं इंजिन उतरवलंय, असं ज्याचं त्याचं चाललं होतं. म्हाळू मागं भिंतीला चिकटून उभा होता.

"आबा, तुमी का लांब?" सम्राटनं विचारलं.

"त्यांना भ्या वाटतंय," कुणीतरी परस्पर सांगितलं आणि हशा पिकला.

"खरंच वाटतंय?"

"व्हय," म्हाळू म्हणाला. "आत इस्तू हाय आन् त्यो दिसत न्हाई. भ्या वाटणार न्हाई तर काय व्हईल?"

सम्राट हसला नाही. "मग तुमीच या उद्यापासनं," एवढंच म्हणाला.

धुरपदेला वाटलं, पोरानं चेष्टा केली. म्हाळूला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. रात्रभर त्याला डोळ्याला डोळा लागला नाही, पण सकाळी तो गेला. भित्री माणसं कामाला नाही म्हणायलाही भितात.

सम्राटनं त्याला सगळं शिकवलं. ठोकळे कसे सोडायचे, राख कशी ओढायची, झाकणाभोवतीच्या खोबणीत पाणी भरून ते कसं बंद करायचं. ते म्हाळू लवकर शिकला. पण एक गोष्ट सम्राटनं त्याला पिंपासमोर उभं करून सांगितली आणि तिनं म्हाळूच्या काळजात घर केलं.

"आबा, इंजिन चालू हाय तवर भट्टी इंजिनाच्या ताब्यात. सगळा गॅस ते वढून घेतं. खरी भानगड बंद केल्यावर. आत निखारा जिता असतो आन् वढणारं कुणी नसतं. मग गॅस मिळंल त्या फटीतनं भाईर येतो. त्यानं माणूस मरतो. वरनं कुणी दिवा-बिवा घेऊन गेलं तर भडकाच. म्हणून बंद केली की दारं-खिडक्या सताड उघडी, आन् सकाळपातुर आत कुणी न्हाई."

"वास येतो का त्याला?"

"धुराचा येईल जरा. पर ज्यानं जीव जातो त्याला ना वास, ना रंग. डोकं जड व्हतं, झोप येती. वाटतं, जरासं पडावं. पडलं की संपलं." मग सम्राटनं बोट उगारलं. "आन् ध्येनात ठिवा. कुणी आत पडलंच, तर त्याला काढाया पळत शिरायचं न्हाई. शिरणारा बी पडतो. आधी भाईरनं हवा करायची, मग भाईरनंच वढायचं."

त्या दिवसापासून म्हाळूची जांभईसुद्धा सुखाची राहिली नाही. दुपारी जेवण करून सुस्ती आली की तो दचकून उभा राहायचा. डोकं दुखलं की नदीकडे पळायचा आणि तिथं मोठमोठे श्वास घेत उभा राहायचा. लांडग्याचे निदान डोळे चमकतात. विजेआधी ढग भरून येतात. हे तर काहीच नव्हतं, आणि काहीच नसणाऱ्या गोष्टीवर नजर ठेवायची कशी, ह्या विचारानं त्याचा जीव अर्धा व्हायचा.

त्यातही स्वतःपेक्षा त्याला भ्या होतं धुरपदेचं. ती दुपारी भाकरी घेऊन यायची. थंडीच्या दिवसांत त्या पिंपामागं छान ऊब असायची. ती तिथं पदर अंथरून खुशाल आडवी व्हायची.

"ऊठ, धुरपे. हितं पडायचं न्हाई."

"आवं चालू हाय नव्हं इंजिन? तुमीच म्हणता, चालू असलं की काय व्हत न्हाई."

"बंद पडलं मंजी?"

"मंजी उठंन." आणि कूस बदलून, "फुकटात शेक मिळतोय, तर ह्यांच्या पोटात दुखतंय."

म्हाळू तिला दंडाला धरून बाहेर काढायचा. ती शिव्या घालत, हसत निघायची आणि मुंगळ्या दोघांच्या मागनं. असं रोज व्हायचं. एक ना एक दिवस ही बया नको त्या वेळी त्या शेडमध्ये शिरणार, हे म्हाळूच्या मनात पक्कं बसलं होतं. शेडची किल्ली तो घरी खुंटीला टांगायचा आणि निजायच्या आधी दोनदा उठून ती आहे ना ते बघायचा.

त्या वर्षी दिवाळीत सम्राटच्या घरी बहिणीचं लग्न ठरवायला पाहुणे यायचे होते. चार दिवस तो भांडगावला गेला. जाताना त्यानं म्हाळूला सगळं पुन्हा पढवलं आणि म्हाळूनं ते पाठ म्हणून दाखवलं.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी वस्तीनं हट्ट धरला की आज दिवे नेहमीपेक्षा जास्त वेळ चालले पाहिजेत. म्हाळूनं भट्टी काठोकाठ भरली. पूजा झाल्या आणि फटाक्यांना ऊत आला. पोरांनी बाटल्यांत बाण लावले. एक बाण वाकडा सुटला आणि शेडच्या बाहेर वाळत घातलेल्या चिपाडात येऊन पडला. म्हाळू ओलं पोतं घेऊन धावला आणि विझवलं त्यानं ते, पण तो त्या विझलेल्या चिपाडाकडे बघत तिथंच उभा राहिला. हाच बाण खिडकीतनं आत आला असता तर?

त्या क्षणापासून त्याला दुसरं काही सुचेना. पोरांवर ओरडावं तर त्याला दाद कोण देणार? इंजिन बंद केल्याबरोबर त्यानं सगळ्या खिडक्यांत ओली पोती ठासून भरली. दार ओढलं. मुंगळ्या केव्हाचा पिंपामागं जाऊन थरथरत बसला होता, बोलावूनही येईना. म्हाळूला त्याची दया आली. राहू दे बिचारं, इथं आवाज तरी कमी येईल, असं म्हणून त्यानं कडी घातली, कुलूप लावलं. घरी येऊन किल्ली खुंटीला टांगली. आज आपण मोठं संकट टाळलं, असं वाटून त्याला फार दिवसांनी गाढ झोप लागली.

आगीचं भ्या एवढं मोठं झालं होतं की त्याच्यापुढं दुसरं भ्या तो साफ विसरला. सताड उघडी ठेवायची दारं-खिडक्या त्यानं आपल्या हातानं बुजवली होती.

पाडव्याची पहाट. आपल्याकडे त्या पहाटे बाया घर कानाकोपऱ्यातनं झाडतात. निघालेला केर जुन्या सुपात भरतात, त्यावर झिजलेली केरसुणी ठेवतात, वर एक पेटता दिवा. ते सूप घेऊन एकजण पुढं चालते आणि बाकीच्या मागनं, काही पणत्या घेऊन तर काही ताटल्या बडवत, 'इडा पिडा जावो, बळीचं राज्य येवो' म्हणत गावाबाहेर जातात. केर टाकायचा आणि मागं न बघता परत फिरायचं. सूप हातात असताना बोलायचं नाही, कुणी हाक मारली तरी वळायचं नाही. वळलं तर टाकलेली पिडा पायात पाय घालून घरी परत येते.

वस्तीतल्या बाया दरवर्षी हा केर ओढ्याच्या तोंडाशी टाकायच्या. पण ओढ्यात काही टाकायचं नाही म्हणून सम्राट वर्षभर कानीकपाळी ओरडला होता. शेजारची रतनबाई म्हणाली, आता केराची जागा भट्टी, तर ही पिडासुद्धा भट्टीतच जाऊ द्या की. वाऱ्यावर उडून पुन्हा कुणाच्या दारात यायला नको, जळून कायमचीच जाईल. सगळ्यांना पटलं. विचार वाईट नव्हता, आणि इतका शहाणपणाचा वाटला की कुणी पुन्हा तपासला नाही. किल्ली धुरपदेच्या घरात, तेव्हा पुढं धुरपदा. नवऱ्याला सांगितलं तर तो आधी नाहीच म्हणणार, हे माहीत होतं, म्हणून त्याला कुणी उठवलं नाही.

म्हाळू जागा झाला तो ताटल्यांच्या आवाजानं. डोळे उघडले ते सवयीनं खुंटीकडेच गेले. खुंटी मोकळी होती.

त्याला आधी काही कळेना. मग ताटल्यांचा आवाज ओढ्याकडे चाललाय हे कळलं, आणि मग एकदम ती ओली पोती आठवली. काल आपण काय करून ठेवलं ते त्याला अख्खं दिसलं. अनवाणीच तो बाहेर धावला.

बाया बऱ्याच पुढं गेल्या होत्या. सगळ्यात पुढं एक दिवा हलत होता. "धुरपे! थांब! धुरपे!" तो जिवाच्या आकांतानं ओरडत होता आणि ताटल्या बडवल्या जात होत्या. ज्या दोघीतिघींनी ऐकलं त्यांना वाटलं, भित्र्याला काहीतरी दिसलं असेल. धुरपदेनंही ऐकलं. तिनं पुढं सांगितलं की आवाज तिनं ओळखला होता. पण सूप हातात होतं. ती वळली नाही, उलट तिनं पाय उचलला. ही हाक मारायची वेळ आहे का, म्हणून ती मनातल्या मनात त्याच्यावर चिडली होती.

वळसा घालणाऱ्या वाटेनं गेलो तर गाठणार नाही हे म्हाळूला दिसलं. त्यानं ओढ्यात उडी घातली. गुडघाभर घाण, काचा, काटे. एरवी त्या ओढ्याच्या काठानंही तो जात नसे. कुठंतरी पडला, उठला, पलीकडच्या दरडीला नखं रोवून वर चढला. शेडच्या दाराशी आला तेव्हा कुलूप कोयंड्याला उघडं लटकत होतं, कडी निघाली होती आणि धुरपदा एका हातानं सूप सावरत दुसऱ्या हातानं दार ढकलत होती.

त्यानं दिव्यावर उघडा तळहात दाबला. चर्र झालं. तेल त्याच्या मनगटावरनं खाली ओघळलं.

"इझवा! समद्या इझवा दिवे!" त्याचा आवाज चिरकला होता. त्याचं ते चिखलानं भरलेलं तोंड बघून बायांनी घाबरून फुंकर मारली.

"म्हाळूमामा!" रतनबाई किंचाळली. "पाडव्याचा दिवा इझिवलात? आवं, वरीस कसं जायाचं आता वस्तीचं?"

धुरपदेचं तिकडं लक्ष नव्हतं. ती अर्धवट उघडलेल्या दारातनं आत बघत होती. आतनं कोंदट, उबदार हवा अंगावर आली. मागच्या भिंतीशी, धुतलेलं पाणी जायला ठेवलेल्या भोकात तोंड खुपसून मुंगळ्या आडवा पडला होता. त्याचा मागचा पाय मधूनच हलत होता.

सूप तिच्या हातातनं पडलं. "मुंगळ्या!" म्हणत ती आत झेपावली.

म्हाळूनं तिला कमरेला मिठी घातली. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यानं तिच्यावर कधी असा जोर केला नव्हता. तिनं त्याच्या दंडाला चावा घेतला, कोपरं मारली. त्यानं सोडलं नाही. तसाच ओढत तिला वाऱ्याच्या अंगाला नेली आणि रतनबाईच्या अंगावर ढकलली. "धरा हिला. काय बी झालं तरी सोडू नका."

मग त्यानं शेडच्या मागं टेकवून ठेवलेली आपली आकडी घेतली. बाहेर उभं राहून, तोंड फिरवून, एकेका खिडकीतलं पोतं आकडीनं ओढून काढलं. दार सताड उघडलं. आणि मग तो थांबला.

हे थांबणं सगळ्यात वाईट होतं. आत कुत्र्याचा पाय हलत होता. आत शिरावं, एका दमात उचलून आणावं, असं त्याचं मन ओरडत होतं. पण त्याला भ्या वाटत होतं. मरायचं भ्या, साधं, सरळ. त्यानं ते भ्या सोडलं नाही.

"जावा की आत!" धुरपदा ओरडत होती. "तुमचं कुत्रं हाय ते! मेंढरापरीस जास्त जपलंय तुमाला त्यानं! भित्रा! भित्रा मेला!" हा शब्द ती आयुष्यभर हसत म्हणत आली होती. आज ती तो थुंकल्यासारखा म्हणाली.

वारा नदीकडनं आत शिरू लागला तेव्हा म्हाळूनं दाराबाहेर पालथं पडून, श्वास कोंडून, आकडी आत सारली. दोनदा निसटली. तिसऱ्यांदा मुंगळ्याच्या गळ्यातल्या दाव्यात अडकली. त्यानं त्याला फरशीवरनं फरफटत बाहेर ओढलं, नदीच्या काठाला नेलं आणि त्याचं तोंड वाऱ्याकडे करून धरलं. त्या भोकातनं येणाऱ्या थोड्याशा हवेवर ते तग धरून होतं. ऊन वर आलं तेव्हा त्यानं डोळे उघडले.

म्हाळू तिथंच मटकन बसला. त्याचं धोतर ओलं झालं होतं आणि ते सगळं ओढ्याच्या पाण्यानं झालेलं नव्हतं. बायांनी बघितलं. कुणी हसलं नाही. कुत्र्याच्या जागी धुरपदा असती, आणि तिच्या मागनं दिवे घेऊन आपण सगळ्या असतो, हे एकेकीच्या डोक्यात आता कुठं शिरत होतं.

मग धुरपदेनं विचारलं, "खिडक्या कुणी बुजिवल्या व्हत्या?"

"म्या."

"का?"

"बाणाचं भ्या वाटलं."

त्याचा भाजलेला तळहात तिनं मांडीवर घेतला आणि त्यातली काजळी ओल्या पदरानं पुसत बसली. सम्राट परत आल्यावर म्हाळूनं त्यालाही सगळं जसंच्या तसं सांगितलं. सम्राट पांढरा पडला. मग त्यानं त्या खिडक्यांची तावदानंच काढून टाकली आणि तिथं नुसती जाळी ठोकली.

मुंगळ्या जगला. खायचा, प्यायचा, म्हाळूच्या मागं हिंडायचा. पण त्याच्या आतलं काहीतरी विझलं होतं. पुढच्या दिवाळीत पोरांनी त्याच्या शेपटीशी लवंगी माळ लावली, तर त्यानं नुसती मान वळवून बघितलं. पोरांना मजा वाटली. धुरपदेला ते बघवेना. तिनं त्याला कडेवर घेऊन घरात नेलं. "भ्या रं जरा," असं ती त्याच्या कानाशी म्हणत होती, आणि म्हाळूनं ते ऐकलं. थंडी सरायच्या आत मुंगळ्या पुणे-नगर रस्त्याच्या मधोमध जाऊन बसला. ट्रकवाल्यानं खूप हॉर्न वाजवला म्हणतात. तो उठला नाही.

मुंगळ्या गेला तेव्हापासून धुरपदेनं एक नेम केला. दुपारी भाकरी घेऊन आली की शेडच्या बाहेर उभी राहून आधी विचारायची, "भ्या वाटतंय का?"

"व्हय," आतनं म्हाळू म्हणायचा.

मग ती आत यायची. लोकांना ती नवराबायकोची थट्टा वाटायची. ती थट्टा नव्हती. पिंपामागं ऊब असली तरी ती तिथं पुन्हा कधी आडवी झाली नाही. बसायची तीसुद्धा दाराकडे तोंड करून.

अशी बरीच वर्षं गेली. भट्टी चालली, वस्ती वाढली, ठोकळे कमी पडेनात. म्हाळूचे केस पांढरे झाले. पोरं आता त्याला मान देऊ लागली होती. सम्राटच्या गैरहजेरीत तो एकहाती सगळं बघायचा. हात इतके सरावले की कुठला व्हॉल्व्ह कधी फिरवायचा ते बघावंही लागेना.

एका दुपारी धुरपदा भाकरी घेऊन आली. आत इंजिनाचा आवाज नव्हता. बाहेरनं तिनं हाक दिली, "भ्या वाटतंय का?"

उत्तर आलं नाही. तिनं पुन्हा विचारलं, आवाज चढवून.

"काय?" आतनं म्हाळूचा पेंगुळलेला आवाज आला. "न्हाई, न्हाई. आताच बंद केलंय. जरा टेकलोय हितं. ये की, आता सवय झाली."

धुरपदेनं भाकरीचं फडकं तिथंच टाकलं. विंचू चपलेनं चिरडणारी ती बाई, आज दाराच्या आत पाऊल टाकायला भ्यायली. मग ती इतक्या मोठ्यानं ओरडली की समोरचा इस्त्रीवाला दुकान टाकून धावत आला. "आधी भाईर या! उठा! चालत भाईर या म्हणते मी!"

म्हाळू बाहेर आला. डोळे चोळत, जरासा झोकांड्या देत. तो उबेला, पिंपाला पाठ टेकून बसला होता. उन्हात उभं राहिल्यावर त्याला समजलं की आपण कुठं बसलो होतो आणि काय म्हणालो. मग त्याच्या पायाला कंप सुटला. त्याला कापताना बघून धुरपदेला रडू कोसळलं.

तिनं त्याच्या खिशातनं किल्ली काढून घेतली. ती किल्ली सम्राटच्या हातात देताना तिनं एवढंच सांगितलं, "ह्यांच्या जागी आता दुसरं कुणीतरी बघा. ज्याला लई भ्या वाटतं, असं."